नागपूर–न्हावा शेवा: कंटेनर गाडीचा उशीर मोजायचा कसा?

सूतनिर्यात:
नागपूरच्या आयसीडीतून (कंटेनरचा कोरडा डेपो, जिथे कस्टम होतं) महिन्याला वीसेक कंटेनर सूत रेल्वेने न्हावा शेव्याला जातं. कंटेनर गाडी चालवणारा ऑपरेटर "सरासरी तीन दिवस" सांगतो, तरी जहाजाचा कट-ऑफ (माल बंदरात पोचवायची शेवटची वेळ) अधूनमधून हुकतोच. कंटेनर किती आधी आत द्यायचा हे ठरवायला काय काय नोंदवावं? गाडी कुठे आहे ते स्वतःला बघता येतं का?

मालधक्का:
ते तीन दिवस कुठून मोजलेत, हे आधी विचारा. बहुतेक वेळा गाडी सुटल्यापासून. ४५ वाघिणींच्या रेकवर (म्हणजे वाघिणींच्या अख्ख्या गाडीवर) ९० टीईयू, म्हणजे वीस फुटी ९० कंटेनर बसतात. तेवढा माल जमेपर्यंत कंटेनर यार्डात पडून राहतो आणि ते तास कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. कट-ऑफ तिथेच हुकतो.

प्रत्येक कंटेनरसाठी या पाच घटनांची वेळ लिहा: आयसीडीच्या गेटात शिरला, वाघिणीवर चढला, गाडी सुटली, जासईला (बंदराबाहेरच्या रेल्वे यार्डात) पोचली, बंदराच्या टर्मिनलात उतरला. एकाच गाडीतले दहा कंटेनर ही एकच नोंद धरा, नाहीतर एका चांगल्या फेरीने सगळं चित्र गोड दिसतं. २० गाड्या झाल्या की गेट ते टर्मिनल हे तास चढत्या क्रमाने लावून १८वा आकडा घ्या. समजा सरासरी ७० तास आणि १८वा आकडा ११०, तर कट-ऑफच्या ११० तास आधी कंटेनर गेटात हवा. तरीही वीसात दोनदा चुकेल. ते परवडत नसेल तर १९वा धरा.

वाघीण:
गाडी फॉइसवर (रेल्वेच्या मालवाहतूक माहिती प्रणालीवर) दिसते, पण रेल्वे पावती ऑपरेटरच्या नावावर असते. त्याच्याकडून एफएनआर नंबर (फॉइसवर गाडी शोधायचा क्रमांक) मागून घ्या, सोबत आपल्या वाघिणीचा नंबरही. हा दुसरा नंबर फार महत्त्वाचा. बीएलसी, म्हणजे कंटेनरच्या सपाट वाघिणी पाच-पाचच्या संचात जोडलेल्या असतात. एक 'सिक' (नादुरुस्त) झाली तर अख्खा संच वाटेत कापला जातो. गाडी 'पोचली' दिसते आणि आपला कंटेनर मागच्या एखाद्या यार्डात असतो.

दुसरं म्हणजे, जासईला पोचणं आणि टर्मिनलच्या रुळावर लागणं यात बरेच तास जाऊ शकतात. मिश्र गाडी असेल, म्हणजे एकाच रेकवर वेगवेगळ्या टर्मिनलांचे कंटेनर, तर आपला डबा दुसरीकडे उतरून ट्रेलरने फिरतो. बुकिंग करतानाच रेक कुठल्या टर्मिनलचा ते विचारा. कंटेनर नंबरवरून बंदरातल्या आत-बाहेरच्या वेळा लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या साइटवर पडताळता येतात.

सूतनिर्यात:
आयातीचे रिकामे-भरलेले कंटेनर परत येतात, ते याच तक्त्यात घालू का?

मालधक्का:
नको, वेगळा तक्ता करा. येताना कसारा–इगतपुरी १:३७ चा चढ आहे, मागून बँकर (ढकलणारं जादा) इंजिन लावावं लागतं. ते मोकळं नसेल तर गाडी खाली थांबते. जाताना तो प्रश्न नाही, पण कल्याणजवळ लोकलच्या गर्दीच्या वेळा आडव्या येतात. म्हणून गाडी इगतपुरीहून किती वाजता निघाली, हाही एक रकाना ठेवा.