कॉलनीचा बडग्या: पाच फुटी, पावसात टिकेल असा

नवा भाडेकरू (मनीषनगर)

नमस्कार मंडळी. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘रोगराई, कटकटी घेऊन जा’ म्हणत मारबत आणि बडग्या असे पुतळे मिरवणुकीने काढतात म्हणे. यंदा आमच्या बिल्डिंगमधल्या पाचवी ते नववीच्या पोरांनी बडग्या करायचं ठरवलं आहे. मोठ्यांना विचारून उपयोग नाही, निम्म्यांचा पोळा पुरणपोळीपाशीच संपतो. सांगाडा कशाचा करायचा? मध्येच पाऊस आला तर काय? विषय म्हणून पोरांनी लिफ्ट निवडली आहे (महिन्यातून चारदा बंद), ते चालेल का? त्याच संध्याकाळी तान्हा पोळाही (पोरांचा, लाकडी नंदीचा) आहे म्हणतात, मग इतवारीतली मिरवणूक बघून परत येणं जमतं का? आणि त्या दिवशी सुट्टी असते की नसते, यावर तर सोसायटीच्या ग्रुपवर भांडण सुरू आहे.

बांबू-सुतळी

भाऊ, किमान आठ दिवस आधी हाती घ्या. भादव्याच्या तोंडावर हवेत इतका ओलावा असतो की कागदाचा एक थर वाळायला अख्खा दिवस जातो. पोळ्याच्या रात्री रंगवलेला बडग्या सकाळी उचलणाऱ्याच्या शर्टावर उतरतो.

सांगाडा: दीड इंच जाडीचा पाच फुटी बांबू कण्यासाठी. जमिनीपासून चार फुटांवर तीन फुटी आडवा तुकडा, ते खांदे. पोट आणि छातीसाठी कामट्यांची (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांची) कडी. कामट्या रात्रभर पाण्यात ठेवा, कोरड्या वाकवल्या की कडकन मोडतात आणि धस हातात जाते. बांधायला तार वापरू नका, टोकं पोरांना लागतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून ताणून गुंडाळा. पावसात सुतळीच्या गाठी ढिल्या पडतात, ट्यूब धरून राहते.

अंगाला कागद नकोच. जुनी साडी किंवा पोतं ताणून शिवा, आत तणीस (भाताचा पेंढा) भरा, पण फक्त पोटात. डोक्यात आणि हातात भरली की वरचा भार वाढतो आणि पहिल्याच वळणावर साहेब आडवे होतात.

कागद फक्त तोंडाला. टोपली पालथी घाला, वर प्लास्टिकची पिशवी चढवा (नाहीतर टोपली सुटत नाही) आणि वर्तमानपत्राचे तीन-चार थर द्या. खळ: १ वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवायचा, मग ४ वाट्या उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं. थेट उकळत्या पाण्यात कोरडा मैदा टाकला की गुठळ्याच गुठळ्या. रोज ताजी करा, दुसऱ्या दिवशी आंबते आणि वास मारते. किडा लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालतात. ते विषारी असतं, पोरांच्या हातात द्यायचं नाही. रंग पावडरचा नको, प्रायमरचा एक हात आणि वर ऑइलपेंट. मिशा मात्र जुन्या झाडूच्याच, त्याला पर्याय नाही.

उचलायला कमरेच्या उंचीवर दोन आडवे बांबू, दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट बाहेर. चार जणांत आरामात जातो. हातठेल्यावर ठेवणार असाल तर ठेल्याची उंची धरा: पाच फुटी बडग्या आठ फुटी होतो, आणि आपल्या गल्ल्यांमध्ये इंटरनेटच्या केबली कुठवर लोंबतात ते तुम्हाला माहीतच आहे.

शेवटी जाळायचा असेल तर थर्माकोल आणि टायर सुरुवातीपासूनच बाहेर ठेवा. तोंडाला ऑइलपेंट असतो, ते आणि ट्यूबच्या पट्ट्या आधी काढून घ्या. साडी सुती असेल तरच आगीत, नायलॉनची वितळून चिकटते. मोकळी जागा, पाण्याच्या दोन बादल्या, आणि काडी मोठ्या माणसाच्या हातात. सांगाडा काढून ठेवला तर पुढच्या वर्षीही चालतो.

इतवारीवाला

मिरवणुकीचं मी सांगतो. मारबती बायका, बडगे पुरुष. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. पिवळी जागनाथ बुधवारीतून निघते आणि दोघींची भेट नेहरू पुतळ्यापाशी होते. बघण्यासारखं तेच, आणि चेंगराचेंगरीही तिथेच. लहान पोरं असतील तर भेटीच्या जागेचा हट्ट सोडा आणि पुढे रस्त्यावर एखादा ओटा गाठा. बडगे तिथूनही दिसतात आणि पाट्या निवांत वाचता येतात.

गाडी आणूच नका. मेट्रोने अग्रसेन चौक किंवा चितार ओळीला उतरायचं आणि पायी. त्या दिवशी कोणते रस्ते बंद ते पोलीस आदल्या दिवशी जाहीर करतात, पेपरात येतं. दुपारनंतर पाय काढता घेतला की तान्ह्या पोळ्याला वेळेत घरी.

आणि चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, कोणी बडग्याचं तोंड करून देईल या भरवशावर राहू नका. गणपती चार-पाच दिवसांवर असतात, तिथे कोणाला मान वर करायला फुरसत नसते.

पंचांगकाकू

सुट्टीचं भांडण मिटवते. पोळा श्रावण अमावास्येला, मारबत आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला. मारबतीच्या दिवसाची सुट्टी राज्यभराची नाही. जिल्हाधिकारी वर्षात काही स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, त्यात नागपुरात ही येते. शाळा आणि राज्य शासनाची कार्यालयं बंद, पण बँका आणि केंद्राची कार्यालयं त्या आदेशात नसतात. म्हणून एकाच घरात शाळेतलं पोरगं मारबतीला आणि बँकेतली आई काउंटरवर. खासगी कंपनीत तर पुण्याच्या मॅनेजरला सुट्टीचं कारण समजावण्यातच अर्धा दिवस जातो. अर्जात ‘स्थानिक सण’ लिहा, ‘मारबत’ लिहिलं की फोन येतो.

तारीख दरवर्षी बघून घ्या: पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. अधिक महिना आला की पुन्हा पुढे सरकतो.

नंदीवाली ताई

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेताना चाकं फिरवून बघा. खिळा तिरपा असेल तर नंदी ओढताना एका बाजूला जातो, मग पोरगं रडतं. आसाला खोबरेल तेलाचा थेंब सोडा. दोरी शिंगांना किंवा मानेला बांधू नका, पुढच्या फळीला खाली बांधा. वरून ओढला की नंदी तोंडावर पडतो आणि पहिलं शिंगच तुटतं. झूल चाकाच्या वर दोन बोटं तरी हवी, नाहीतर गुंडाळते. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, पुरे. स्पर्धेत दिव्यांच्या माळांवर हजार रुपये घालणारे आईबाप असतात, ती स्पर्धा त्यांची आपसातली समजायची.

बोजाऱ्यासाठी (नंदी घेऊन दारी येणाऱ्या पोरांना द्यायचे पैसे) दहाची नाणी आधीच आणून ठेवा. संध्याकाळी सहानंतर कोपऱ्यावरचा दुकानदारही सुटे देत नाही. आणि एकाला वीस, दुसऱ्याला दहा असं करू नका, खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत हिशेब झालेला असतो.

नवा भाडेकरू (मनीषनगर)

सगळ्यांचे आभार. पाटीचा मजकूर पोरांनी असा केलाय: ‘आमच्या इमारतीतील उद्वाहन वारंवार नादुरुस्त होत असल्याबद्दल आम्ही जाहीर निषेध व्यक्त करतो. सचिव जागे व्हा.’

इतवारीवाला

हे निवेदन झालं, बडग्या नाही. पाटी चालत्या गर्दीत वाचली जाते, सहा-सात शब्दांच्या वर जाऊ नका. अक्षरं चार इंची, पिवळ्यावर काळी. सचिवाचं नाव, पद, फोटो काही नको. रोग न्यायला सांगायचं, रोग्याला नाही. ‘बंद पडल्या लिफ्टले घेऊन जाय गे मारबत’ एवढंच लिहा, आणि पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना पुढे चालवा.

बांबू-सुतळी

आणि बडग्या वरच्या मजल्यावर बनवू नका. पाच फुटी, हात पसरलेला, जिन्याच्या वळणावर हमखास अडकतो. लिफ्टचा भरवसा तर तुम्हीच सांगून राहिले. पार्किंगमध्ये बांधा.