अकॅलेशिया टाइप २: पोएम करावं की लॅपरोस्कोपिक हेलर? निवड कशावरून करायची?

मनीषा_१९

आईला (वय ५८) अकॅलेशिया कार्डिया (अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप नीट न उघडण्याचा आजार) असल्याचं निदान झालं आहे. रिपोर्टमधले आकडे देते.

हाय-रिझोल्यूशन मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजणारी चाचणी): टाइप २, आयआरपी (गिळताना झडपेत उरणारा दाब) २९ मिमी पारा. टाइम्ड बेरियम (बेरियम पिऊन ठरावीक मिनिटांनी काढलेले एक्स-रे): १ मिनिटाला १४ सेमी उंचीचा स्तंभ, ५ मिनिटांनंतरही ११ सेमी. अन्ननलिका ४ सेमी रुंद झाली आहे, पण वाकडी झालेली नाही. एकार्ड स्कोअर (त्रास मोजण्याचे गुण) ८: प्रत्येक जेवणात घास अडकतो, रोज उलटून वर येतं, छातीत अधूनमधून दुखतं, १४ महिन्यांत ९ किलो वजन घटलं. त्याआधी बराच काळ ॲसिडिटी समजून गोळ्या चालू होत्या. फुग्याने ताणणं किंवा बोट्युलिनमचं इंजेक्शन यातलं काहीही अजून केलेलं नाही.

एका ठिकाणी पोएम (तोंडातून दुर्बीण घालून झडपेचा स्नायू कापणं) सुचवलं आहे, दुसऱ्या ठिकाणी लॅपरोस्कोपिक हेलर मायोटॉमी (तोच स्नायू पोटावरच्या छिद्रांतून कापणं) आणि सोबत डोर (आम्ल अडवायला जठराचं अर्धवट आवरण). गुण दोन्हींचा सारखाच येतो असं दोघेही सांगतात. मग ठरवायचं कशावर? प्रत्यक्षात काय कापतात, काय बिघडू शकतं आणि नंतर काय सांभाळावं लागतं, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं.

जठरशल्य

मनीषाताई, आधी एक खात्री करून घ्या. वय साठीच्या जवळ, त्रास दीड वर्षाच्या आतला आणि वजन झपाट्याने उतरलेलं, असं तिन्ही जमून आलं की जठराच्या तोंडाशी लपलेली गाठ अकॅलेशियाचं सोंग घेऊ शकते. एंडोस्कोपीत दुर्बीण जठरात नेऊन उलटी वळवून कार्डिया (जठराचं तोंड) नीट पाहिला आहे का, ते रिपोर्टमध्ये शोधा. त्याचा उल्लेख नसेल तर पुन्हा विचारा. छाती-पोटाचा सीटी स्कॅन झाला नसेल तर शस्त्रक्रियेआधी तो करून घेणं योग्य.

आता हेलर. हे ऑपरेशन १९१३ चं, जर्मन सर्जन अर्न्स्ट हेलर यांचं. आज ते पोटावरच्या पाच छोट्या छिद्रांतून होतं. पोटात साधारण १२ मिमी दाबाने कार्बन डायऑक्साइड भरतात, यकृताचा डावा भाग उचलून धरतात आणि अन्ननलिका-जठराच्या सांध्यावरची चरबी बाजूला करतात. पुढची व्हेगस नस ओळखून जपावी लागते. मग सांध्याच्या थोडं वर अन्ननलिकेवर सुरुवात करून उभे तंतू बाजूला सारायचे आणि आडवे तंतू कापायचे. आतलं अस्तर पांढुरकं, फुगून वर येतं. हा काप वर सुमारे ६ सेमी आणि खाली जठरावर २ ते ३ सेमी नेतात. स्नायूच्या कडा दोन्ही बाजूंना सोडवून अस्तर घेराच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत मोकळं करतात, नाहीतर कडा पुन्हा जुळून येतात.

सगळी कसोटी त्या खालच्या २-३ सेमीत आहे. जठराच्या बाजूला तंतू तिरके आणि अस्तराला चिकटलेले असतात, अस्तरही पातळ असतं. छिद्र बहुतेक वेळा तिथेच पडतं. त्या भीतीने काप आखूड ठेवला तर झडप अर्धवट बंदच राहते. हेलर लवकर अपयशी ठरण्याचं नेहमीचं कारण हेच. छिद्र टेबलावरच दिसलं तर बारीक विरघळणाऱ्या टाक्याने शिवता येतं आणि वरून डोरचं आवरण बसतं. धोका न दिसलेल्या छिद्राचा असतो. कॉटरीच्या (विजेवर कापणाऱ्या उपकरणाच्या) उष्णतेने भाजलेलं अस्तर दोन-तीन दिवसांनीही फुटू शकतं. म्हणून शेवटी एंडोस्कोप आत घालून हवा भरायची आणि बाहेरून सलाइनमध्ये बुडबुडे येतात का ते पाहायचं. ही चाचणी तुमचे सर्जन करतात का, हे जरूर विचारा.

डोर म्हणजे जठराचा वरचा भाग पुढून १८० अंशांत कापलेल्या कडांना शिवणं. पूर्ण ३६० अंशांचा वेढा इथे घालत नाहीत, कारण या अन्ननलिकेत घास पुढे ढकलण्याचा जोरच नसतो.

एक गोष्ट तुमच्या लिहिण्यात आलेली नाही. हायटस हर्निया (छाती-पोटामधल्या पडद्याच्या भोकातून जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) आहे का?

एंडोस्कोपी_कक्ष

पोएमबद्दल मी लिहितो. हारुहिरो इनोए यांनी जपानमध्ये योकोहामा इथे २००८ साली माणसावर पहिलं पोएम केलं. पोटावर काप नाही, सगळं तोंडातून. अन्ननलिकेत सांध्याच्या १०-१२ सेमी वर अस्तराखाली सुमारे १० मिली रंगीत सलाइन टोचून फुगा करतात, २ सेमीची उभी चीर देतात आणि त्यातून दुर्बीण अस्तर व स्नायू यांच्या मधल्या थरात शिरते. निळ्या रंगामुळे थर ओळखू येतो. बोगदा जठरात २-३ सेमीपर्यंत नेतात. मग बोगद्याच्या तोंडापासून थोडं खाली सरकून आडवे तंतू कापत जायचे आणि शेवटी चीर क्लिप लावून बंद करायची, बहुधा ५ ते ७ क्लिप लागतात. काप स्नायूला आणि तोंड अस्तराला अशी दोन वेगळ्या जागी असल्यामुळे मधला बोगदा झाकलेला राहतो. या पद्धतीची सुरक्षितता त्यावरच उभी आहे.

बोगद्यात दिशा चुकणं ही नवशिक्या हातांची अडचण. जागा अचानक अरुंद होणं आणि समांतर शिरा दिसणं या सांध्याच्या खुणा. त्या न ओळखता थांबलं तर इथेही काप आखूडच राहतो.

वायू कार्बन डायऑक्साइडच हवा. साधी हवा लवकर शोषली जात नाही, छातीत आणि पोटात साठून जिवावर बेतू शकते. कार्बन डायऑक्साइडही पोटात झिरपतो, पण सुई टोचून सोडून देता येतो आणि उरलेला लवकर शोषला जातो.

आता आकडे. २०१९ मध्ये युरोपातली २२१ रुग्णांची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी गुण पोएममध्ये ८३ टक्के, हेलर-डोरमध्ये ८२ टक्के. म्हणजे सारखाच. पण आम्लाने अन्ननलिकेला सूज तीन महिन्यांनी पोएममध्ये ५७ टक्क्यांना आणि हेलरमध्ये २० टक्क्यांना दिसली. दोन वर्षांनी ४४ आणि २९. ‘सारखाच गुण’ म्हणताना हा दुसरा आकडा सांगितला गेलाच पाहिजे. पोएममध्ये झडप उघडते, पण उलट येणारं आम्ल अडवायला काहीच बांधलं जात नाही.

टाइप ३ असता तर मी डोळे मिटून पोएम म्हटलं असतं. त्यात आकडी छातीत बरीच वरपर्यंत असते आणि तिथवर लांब काप पोटातून नेता येत नाही. टाइप २ ला मात्र दोन्ही रस्ते खुले आहेत. फुग्याने ३० आणि मग ३५ मिमीपर्यंत ताणणं हाही खरा पर्याय आहे, फक्त ते पुन्हा करावं लागण्याची शक्यता जास्त. बोट्युलिनम अजून टोचलेलं नाही हे चांगलंच. त्याचा परिणाम महिन्यांतच ओसरतो आणि मागे राहिलेल्या चिकटपणामुळे पुढचं ऑपरेशन कठीण होतं.

मनीषा_१९

दोघांचेही आभार. जुना एंडोस्कोपी रिपोर्ट काढला. त्यात ‘३ सेमी स्लायडिंग हायटस हर्निया’ लिहिलं आहे. कार्डिया उलट्या दुर्बिणीतून पाहिला, तिथे गाठ नाही, असाही उल्लेख आहे. सीटी पुढच्या आठवड्यात करून घेतो.

जठरशल्य

मग माझा कौल हेलरला. पोएमने हर्निया तसाच राहतो, आणि आधीच वर सरकलेल्या सांध्यावरची झडप कापली की आम्लाला मोकळी वाट मिळते. लॅपरोस्कोपीत अन्ननलिका चहूबाजूंनी सोडवून पोटात खाली आणता येते, पडद्याचं भोक मागून दोन-तीन टाके घालून आवळता येतं आणि मग डोर किंवा मागून २७० अंशांचं टूपे करता येतं. फक्त भोक सैलच आवळायचं. घट्ट झालं तर झडप कापूनही घास अडकत राहील.

एंडोस्कोपी_कक्ष

३ सेमीच्या हर्नियासह मीही हेच सुचवेन.

भूल_आणि_श्वास

कुठलंही ऑपरेशन ठरलं तरी भुलेची तयारी तीच, आणि तीच सर्वात जास्त दुर्लक्षित होते. या रुग्णांत ‘रात्रीपासून उपाशी’ याचा अर्थ पोट रिकामं, अन्ननलिका भरलेली. परवाचा भातही तिथे सापडतो. भूल देताना तो श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो.

म्हणून आधीचे दोन दिवस फक्त पातळ, गाळलेले पदार्थ. दूध आणि ताक नको, त्यांचा साका राहतो. तुमच्या आईंच्या बेरियममध्ये ५ मिनिटांनी ११ सेमी उरलं, त्यामुळे मी भुलेआधी जाड नळीने अन्ननलिका ओढून रिकामी करायला सांगेन. डोकं उंच ठेवून झटपट भूल आणि लगेच श्वासनलिकेत नळी. भूलतज्ज्ञांना भेटाल तेव्हा रात्री झोपेत खोकला येतो का, उशी ओली होते का, हे न विचारता सांगा.

अजून एक. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची ॲलेन्ड्रोनेटची गोळी चालू आहे का? असेल तर ती बंद करण्याबद्दल लगेच डॉक्टरांशी बोला. अडकलेल्या अन्ननलिकेत ती अस्तर जाळते. लोह आणि पोटॅशियमच्या गोळ्यांचंही तसंच.

लॅपरोस्कोपीनंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, तो गॅसमुळे, आणि आपोआप जातो. पण ताप, शंभराच्या वर टिकून राहिलेली नाडी, वाढत जाणारं छातीतलं दुखणं किंवा मानेखाली हात लावल्यावर कुरकुर जाणवणं, यातलं काहीही गॅसवर ढकलू नका. गळती आहे असं धरून त्याच तासात दाखवा.

पथ्य_आणि_पोषण

ऑपरेशननंतरच्या जेवणाचं सांगते. काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी पाण्यात विरघळणारं औषध पाजून एक्स-रे काढतात. गळती नाही असं दिसल्यावर घोट घोट पाणी, मग दोन-तीन दिवस पातळ: भाताची पेज, मुगाचं गाळलेलं कढण, नारळपाणी, पातळ ताक. पुढचे दोन आठवडे मऊ: आसट मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, दुधी-लाल भोपळ्याचं सूप, दही-भात कुस्करून. ९ किलो गेले आहेत, तेव्हा प्रत्येक वाटीत तूप किंवा दुधाची पावडर घाला आणि दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या. भाकरी, ताजी मऊ पोळी, पाव आणि मटण महिनाभर नको. ताज्या पोळीचा गोळा होतो आणि तोच सर्वात आधी अडकतो. सोडा आणि फसफसणारी पेयंही नकोत, वेढा घातल्यावर ढेकर नीट येत नाही.

झडप उघडली तरी अन्ननलिकेची लाट परत येत नाही. घास आता वजनाने खाली उतरणार. म्हणून ताठ बसून जेवायचं, प्रत्येक दोन-तीन घासांनंतर कोमट पाणी, आणि जेवणानंतर तीन तास आडवं व्हायचं नाही. पलंगाची डोक्याकडची बाजू १५ सेमी उचला, पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि आम्ल उलट वर येतं.

एंडोस्कोपी_कक्ष

पाठपुराव्याचं राहिलं. पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास, निदान पहिली एंडोस्कोपी होईपर्यंत. ती तीन ते सहा महिन्यांत कराच, जळजळ नसली तरी. या रुग्णांत सूज असूनही पुष्कळदा काहीच जाणवत नाही. त्याच सुमारास टाइम्ड बेरियम पुन्हा काढा आणि आताच्या ११ सेमीशी ताडून पाहा. ५ मिनिटांनी ५ सेमीच्या खाली आलं असेल तर काप पुरेसा झाला. आई ‘बरं वाटतंय’ म्हणत असतील आणि स्तंभ तसाच असेल तर मात्र मॅनोमेट्री पुन्हा करायला सांगा.