टार्पनसाठी ल्यूर कोणता? मासे दिसतात, पण घेत नाहीत (मदत हवी आहे)

निवांतकर
टार्पनसाठी (मोठा, रुपेरी, उड्या मारणारा मासा) चांगला ल्यूर, म्हणजे नकली आमिष, सुचवा. रोज संध्याकाळी डोळ्यांदेखत लोळतात, पाठ दिसते, शेपूट दिसतं, पण ल्यूरकडे ढुंकून बघत नाहीत. चुकून एखादा झडप घालतो आणि पहिल्याच उडीत ल्यूर हवेत भिरकावून मोकळा होतो. व्हिडिओत सांगतात ते सगळं घेतलंय: सात इंची डुबणारा प्लग (कडक नकली मासा), ८० पौंडाचा लीडर (गळाजवळचा जाड धागा), ८००० आकाराचं, म्हणजे मोठं, रील. खर्चाचा विषय काढू नका, तो घरी रोज निघतो. शनिवारी सासरे बरोबर येणार आहेत, त्याआधी उत्तर हवंय. जिवंत आमिष नको. फक्त ल्यूरबद्दल बोला.

टॅम्पाकर
कुठे गरवताय? बोटीतून की काठावरून? पूल आहे का? भरतीला की ओहोटीला? काहीच लिहिलं नाहीत.
तरी सांगतो. मे-जूनमध्ये बोका ग्रँड पासला या, फ्लोरिडातल्या खाडीच्या तोंडाशी. अमावास्या-पौर्णिमेच्या जोराच्या ओहोटीत खाडीतले खेकडे वाहत बाहेर येतात आणि टार्पन वर तोंड करून ते टिपत असतात. खेकडा सर्कल हुकला (गोल वळलेल्या गळाला) लावायचा आणि सोडून द्यायचा. ल्यूरच्या नादी लागलात तर दिवस फुकट.

निवांतकर
"जिवंत आमिष नको" हे वाक्य वाचलंत का?

टॅम्पाकर
वाचलं. म्हणूनच सांगतोय.

रेवदंडा_गळ
आमच्याकडे खाडीत जिताड्यासाठी जे चालतं ते तिथेही चालायला हवं. रबरी मासा, सपाट शेपटीचा, आणि हळू ओढायचा. तुम्ही लोक व्हिडिओ बघून रील गरागरा फिरवता. अंधारात काळा किंवा जांभळा रंग, स्वच्छ पाण्यात दिवसा बोयसारखा रुपेरी. एवढं करून बघा.

टॅम्पाकर
काका, जिताडा वेगळा, टार्पन वेगळा. टार्पनचं तोंड आतून सिमेंटसारखं असतं, गळ रुतायला जागाच नसते. शिवाय हा मासा दीडशे पौंडाचा, उडी मारून अंगावर येणारा.

रेवदंडा_गळ
जिताडाही उडी मारतो. मान हलवून ल्यूर फेकतो तो काय टार्पनकडून शिकला? आणि टार्पनचा धाकटा भाऊबंद आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आहे. तुमच्या आकाराचा होत नाही, पण जात तीच.

आमसूल
मध्येच विचारते, खायला कसा लागतो? एवढा मोठा मासा म्हणजे तुकड्या छान पडत असतील.

टॅम्पाकर
काट्यांचं गाठोडं. इथे कोणी खात नाही. आणि फ्लोरिडात टार्पन पकडून सोडावाच लागतो. ठेवायचा असेल तर ५० डॉलरचा टॅग, वर्षाला माणशी एकच, तोही विक्रम नोंदवायचा असेल तरच.

आमसूल
म्हणजे खायचा नाही, विकायचा नाही, नुसता दमवून सोडायचा? आमच्या आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी गळच काढून घेतला असता.

वाचनमात्र
जिग वापरा हो. गळाच्या वाकाखाली शिसं लटकवलेलं असतं तो. तळाशी सोडला की चुकूनही सुटत नाही.

पाणथळ
सुटत नाही, कारण तो बऱ्याचदा माशाच्या तोंडात नाही, बाहेरून अंगात अडकतो. याच कारणावरून २०१३ मध्ये फ्लोरिडाच्या वन्यजीव आयोगाने बोका ग्रँड पासमध्ये त्या रचनेवर बंदी घातली. कृपया नवख्या माणसाला हे सुचवू नका.
निवांतकर, दोन प्रश्न. मासा अंदाजे किती लांब आहे? आणि पाणी कसलं आहे, वाहतं की साचलेलं?

निवांतकर
कॅनाल हो, घरामागचा. फ्लोरिडात केप कोरलला राहतो, अजून कुठला असणार? मासे हातभर, काही दीड हात. पाणी गढूळ, फारसं हलत नाही. गळ मी बदललेले नाहीत, प्लगला आले तेच ट्रेबल (तीन काट्यांचे गळ) आहेत.

पाणथळ
हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतंत तर खेकडे, पास, दीडशे पौंड यातलं काहीच आलं नसतं.
तुमच्यासमोर पिल्लं आहेत. टार्पनची पिल्लं अशाच कोंडलेल्या, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात वाढतात. वर येऊन हवा गिळतात, त्यांची पोहण्याची पिशवी फुफ्फुसासारखं काम करते. मोठे शत्रू मासे असल्या पाण्यात टिकत नाहीत, म्हणून ती जागा त्यांना सुरक्षित. तुम्हाला जे लोळणं दिसतं ते बहुतेक वेळा श्वास घेणं आहे. पाठ दिसली म्हणजे मासा भुकेला आहे असं नाही.
ते खातात काय? बोटाएवढे मासे, कोळंबी. त्यांच्यासमोर सात इंची प्लग आपटला तर ते घाबरणारच.
तीन इंची रबरी कोळंबी किंवा तीन-साडेतीन इंची सपाट शेपटीचा रबरी मासा घ्या, एक अष्टमांश ते पाव औंसाच्या जिग हेडवर (डोक्यालाच शिसं असलेला एकेरी गळ, वर म्हटलेला जिग नव्हे). कडक काहीतरी हवंच असेल तर मिररोलूर कंपनीचा छोटा मिररोडीन प्लग, अडीच-पावणेतीन इंची, सावकाश बुडणारा. लीडर ३० पौंड, फार तर ४०. ब्रेड (विणलेली दोरी) १५-२० पौंडाची आणि रील ३०००-४००० चं. ८० पौंडाच्या जाड लीडरवर एवढासा ल्यूर ओंडक्यासारखा चालतो.

निवांतकर
म्हणजे ८००० चं रील पुन्हा विकू? बायकोला काय सांगू?

टॅम्पाकर
विकू नका, मे महिन्यात माझ्याकडे या. :) पण पाणथळ बरोबर बोलतायत. लहान माशांना मी पाच इंचीही वापरलाय आणि घेतात, हेही सांगून ठेवतो.

पाणथळ
उधाणलेल्या भुकेत घेतील. गढूळ, थिजलेल्या पाण्यात नाही.

टॅम्पाकर
गढूळ पाण्यात उलट मोठा घ्यावा, पाणी ढवळतो, माशाला अंगाने कळतो.

रेवदंडा_गळ
मी हळू ओढा म्हटलं होतं. ते कोणी धरलंच नाही.

पाणथळ
काका, तुमचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, त्याकडेच येत होतो. टार्पनचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, डोळेही वरचं बघणारे. ल्यूर माशाच्या पातळीत किंवा जरासा वर हवा, खाली गेला की दिसेनासा होतो. दुसरं, ल्यूर माशाकडे तोंड करून येता कामा नये. लहान मासा मोठ्यावर चाल करून जातो असं निसर्गात घडत नाही, टार्पन बिचकून पळतो. लोळणाऱ्या माशाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा, त्याच्या चार-पाच फूट पुढे आणि पलीकडे टाका, मग त्याच्या समोरून आडवा नेत लांब जाऊ द्या. रील इतकं हळू की शेपूट जेमतेम हलेल.
रात्री धक्क्यांवरच्या दिव्याखाली उजेड-अंधाराच्या सीमेवर थांबतात. तिथे ल्यूर अंधारातून उजेडात नाही, सीमेच्या कडेकडेने न्या. पाणी थोडं जरी वाहत असेल तर वरच्या अंगाला टाकून प्रवाहाबरोबर येऊ द्या.

माशी_बांधणारा
फ्लाय, म्हणजे पिसांची नकली माशी, का नाही वापरत? काळ्या-जांभळ्या रंगाची माशी, आठ वजनाचा रॉड, असले पोरसवदा टार्पन त्यावर वेडे होतात. आणि जागा ऐतिहासिक आहे. रॉड-रीलवर टार्पन पकडल्याची १८८५ ची डब्ल्यू. एच. वूड यांची नोंद पुंटा रासाजवळची, म्हणजे तुमच्या कलूसाहाची नदीच्या मुखाशी.

निवांतकर
ल्यूर विचारला होता. ल्यूर. आणि उडीत फेकून देतो त्याचं काय ते राहिलंच.

टॅम्पाकर
त्यावर मी सांगतो, हे माझं क्षेत्र. मासा हवेत गेला की दोरी ताणून धरू नका. रॉडचं टोक त्याच्याकडे पुढे करा, कमरेत वाका, दोरी ढिली पडू द्या. इथे म्हणतात, राजाला मुजरा करा. दोरी ताठ असताना त्याने डोकं झटकलं की गळ उखडतो. पाण्यात पडला की लगेच ताण, तोही वरून नाही, रॉड आडवा ठेवून बाजूला. आणि झडप बसली की पहिले दोन-तीन झटके आडवे, करकचून.
जड प्लग असेल तर मुजरा करूनही सुटतो. प्लगचं वजन हातोड्यासारखं झुलतं आणि ट्रेबल उचकटून काढतं.

पाणथळ
इथे मी टॅम्पाकरांच्या बाजूने. एकेरी गळाचं रबर म्हणूनच बरं. ट्रेबलचे तीन काटे म्हणजे जास्त पकड असं वाटतं, पण कडक तोंडात एकही पूर्ण रुतत नाही.

टॅम्पाकर
मी ट्रेबलच्या विरोधात नाही हां. ४एक्स जाडीचे लावले तर चालतात. प्लगला येतात ते सरळ होतात.

पाणथळ
तुमच्या मोठ्या माशांना चालत असतील. इथे डोळ्यात, गालात रुततात, आणि मासा सोडायचाय.

आमसूल
सासरे येणार आहेत म्हणालात, ते भारतातून का?

निवांतकर
हो, तीन महिन्यांसाठी. वय ६८. म्हणजे लायसन्स लागत नाही ना, ज्येष्ठ नागरिक?

टॅम्पाकर
लागतं. ६५ वर्षांवरची सूट फ्लोरिडाच्या रहिवाशांना आहे. काठावरून फुकट मिळणारं लायसन्सही रहिवाशांनाच. पाहुण्याला तीन दिवसांचं १७ डॉलरला मिळतं, आठवड्याचं ३० ला, वर्षाचं ४७ ला. शनिवारपुरतं तीन दिवसांचं घ्या. मासा मिळाला नाही तरी, गळ टाकला की गरवणं धरतात.

रेवदंडा_गळ
सासऱ्यांना काठावर खुर्ची द्या आणि चहा द्या, १७ डॉलर वाचतील.

निवांतकर
सासरे ऐकणाऱ्यांतले नाहीत, लायसन्स काढतो. रबरी कोळंबी मागवली, शुक्रवारी येतेय. पण प्लग फुकट घालवायचा नाहीये. त्याचे ट्रेबल काढून एकेरी गळ लावले तर तो वाकडा पोहेल का?

पाणथळ
पोहू शकतो. इनलाइन गळ घ्या, म्हणजे ज्याचा डोळा (धागा ओवायचं भोक) नेहमीच्या गळापेक्षा नव्वद अंशांनी वळवलेला असतो, नाहीतर काटा आडवा पडतो. ट्रेबलपेक्षा एक-दोन नंबर मोठा, आणि वजन जवळपास तेवढंच. पुढचा गळ पोटाखाली, काटा पुढे तोंडाकडे. मागचा शेपटीला, काटा वर. मग पायाशी पाण्यात ओढून बघा. एका बाजूला कलला तर पुढचा गळ बदला, मागचा नाही. पण हा प्लग त्या कॅनालमध्ये नेऊ नका, पुलावर न्या.

टॅम्पाकर
पुलावर न्यायचा तर ८००० चं रील चालतं. बायकोला तेच सांगा.