बर्मिंगहॅमच्या जनगणनेत खापरपणजोबांच्या नावापुढे ‘आर्टिस्ट’: चित्रकार की ट्रे रंगवणारे कारागीर?

शोधयात्री (प्रश्न):

नमस्कार. माझ्या यजमानांचे घराणे मूळचे बर्मिंगहॅमचे आहे आणि त्यांचे खापरपणजोबा चित्रकार होते, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. सासूबाईंकडे कागदी लगद्याचा एक काळा ट्रे आहे. त्यावर शिंपल्याचे पातळ तुकडे बसवून गुलाबांचा गुच्छ रंगवलेला आहे आणि तो त्यांच्याच हातचा मानला जातो, पण त्यावर सही नाही. १८५१ च्या जनगणनेत त्यांचा व्यवसाय ‘आर्टिस्ट’ आणि १८६१ मध्ये ‘जपॅनर’ असा लिहिलेला आहे. १८७१ मध्ये मात्र बर्मिंगहॅम जिल्ह्याच्या पानांत ते सापडत नाहीत. १८८१ मध्ये त्याच नावाचा, वयाने जुळणारा एक एनग्रेव्हर, म्हणजे धातूवर कोरीवकाम करणारा, मिळतो. हे तिघे एकच आहेत हे कसे ठरवावे? व्यापारी डिरेक्टऱ्यांत त्यांचे नाव कोठेही नाही.

दप्तरखाना:

प्रथम ‘आर्टिस्ट’ या शब्दाविषयी. बर्मिंगहॅममध्ये लाखेसारख्या काळ्या रोगणाचा, म्हणजे जपॅनिंगचा, मोठा व्यवसाय होता आणि त्यात ट्रे, पेट्या, टेबले यांवर फुले व निसर्गदृश्ये रंगवणारे कारागीर स्वतःला आर्टिस्ट म्हणवत. जेनेन्स अँड बेट्रिज या तिथल्या नामांकित कारखान्याच्या वस्तू १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलेल्या होत्या. त्यामुळे १८५१ चा ‘आर्टिस्ट’ आणि १८६१ चा ‘जपॅनर’ यांत मला मुळीच विसंगती दिसत नाही. तुमच्या कुटुंबातली आठवण खोटी नाही. तिच्यातला ‘चित्रकार’ हा शब्द तेवढा त्या शहराच्या अर्थाने वाचायला हवा. तिथे कारागिरी आणि कला यांत भिंत नव्हती. डेव्हिड कॉक्स हा पुढे नावाजलेला जलरंगचित्रकार १७८३ मध्ये डेरिटेंड भागात एका लोहाराच्या घरी जन्मला आणि त्याच्या हाताला वळण लागले ते लॉकेटांवर चिमुकली चित्रे काढताना.

डिरेक्टरीत नाव नसणे स्वाभाविक आहे. तिच्यात दुकानदार, कारखानदार आणि स्वतंत्र धंदा करणारे यांची नावे असत. दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीवर काम करणारा माणूस, त्याचा हात कितीही चांगला असला तरी, तिच्यात सहसा येत नसे.

१८७१ चा पेच बहुधा हद्दींचा आहे. आपण ज्याला एक शहर म्हणतो ते नोंदणीच्या दृष्टीने अनेक जिल्ह्यांत वाटलेले होते. डेरिटेंड, बोर्डस्ले, डडस्टन आणि नेचेल्स हे भाग ॲस्टन जिल्ह्यात, एजबॅस्टन किंग्ज नॉर्टनमध्ये, तर हँड्सवर्थ वेस्ट ब्रॉमविचमध्ये होते आणि ते परगणाही बदलून स्टॅफर्डशायरमध्ये जात होते. दोन गल्ल्या पलीकडे बिऱ्हाड हलवले की कुटुंब बर्मिंगहॅमच्या पानांतून नाहीसे होते. मी स्वतः एका कुटुंबाचा शोध दीड वर्ष चुकीच्या जिल्ह्यात घेत बसलो होतो, म्हणून इतक्या कळकळीने सांगतो आहे.

पत्ता नीट पाहा. प्रगणकाच्या ओळीत ‘४ कोर्ट ६ हाउस’ असे काही असेल, तर त्याचा अर्थ रस्त्याकडेच्या इमारतींमागे चौथे सामाईक अंगण आणि त्यातले सहावे घर. अशा घरांच्या पाठी एकमेकींना चिकटलेल्या असत, म्हणून त्यांना बॅक-टू-बॅक म्हणत. इंज स्ट्रीट आणि हर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचे असे एक अंगण नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने जतन केले आहे. अंगणांचे क्रमांक प्रत्येक रस्त्यासाठी वेगळे असल्यामुळे रस्त्याच्या नावाशिवाय हा पत्ता निरुपयोगी ठरतो.

चांदीकाम:

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझी शंका १८८१ च्या एनग्रेव्हरविषयी आहे. बर्मिंगहॅमचे कारखानदार एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विद्युत मुलाम्याचे पेटंट घेतल्यानंतर चांदीचा मुलामा दिलेले ट्रे स्वस्त झाले आणि कागदी ट्रेंची मागणी पुढच्या काही दशकांत ओसरली, त्यामुळे रंगवणारे लोक दुसऱ्या कामांकडे वळले हे खरे. पण कुंचला धरणारा हात चाळिशीनंतर कोरणी धरून पोट भरू लागेल, हे मला पटत नाही. ते काम लहान वयात, वर्षानुवर्षे उमेदवारी करून शिकण्याचे होते. नाव आणि वय जुळले म्हणजे माणूस जुळला असे होत नाही. त्या नोंदीतले जन्मस्थान आणि पत्नीचे नाव १८५१ शी ताडून पाहा, आणि तो एनग्रेव्हर १८७१ मध्ये कोठे होता तेही शोधा. तो तुमच्या कुटुंबाहून वेगळ्या घरात मिळाला, तर प्रश्न तिथेच मिटतो. (१८४१ च्या जनगणनेवर मात्र विसंबू नका, कारण तिच्यात पंधरा वर्षांवरील लोकांची वये बहुधा पाचच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत.)

मुलांचे जन्म शोधताना जनरल रजिस्टर ऑफिसची, म्हणजे जन्म-विवाहांच्या नोंदींच्या मध्यवर्ती कार्यालयाची, स्वतःची ऑनलाइन सूची वापरा. तिच्यात १८३७ पासून आईचे माहेरचे आडनाव दिलेले आहे, तर जुन्या छापील सूचीत ते १९११ पासूनच मिळते. विवाहाच्या दाखल्यावर दोघांच्या वडिलांचे व्यवसाय कळतील, पण मध्यवर्ती कार्यालयाचा दाखला ही नक्कल असते; खापरपणजोबांची खरी सही पाहायची असेल तर ज्या चर्चमध्ये विवाह झाला त्याची नोंदवहीच पाहावी लागेल.

ते चौकटीतली चित्रेही काढत होते का, याचा तपास रॉयल बर्मिंगहॅम सोसायटी ऑफ आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनांच्या सूचींतून करा. ही संस्था १८२१ मध्ये स्थापन झाली आणि तिला ‘रॉयल’ हे बिरुद १८६८ मध्ये मिळाले. अशा सूचींत चित्राच्या नावाबरोबर चित्रकाराचा पत्ताही मिळतो आणि तोच पत्ता जनगणनेत सापडला, तर त्याहून भक्कम दुवा क्वचितच मिळतो.

शोधयात्री:

आपण दोघांनी दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार. ॲस्टन जिल्ह्यात १८७१ ची नोंद मिळाली. पत्नीचे नाव, दोन मोठ्या मुलांची नावे आणि जन्मस्थान, सर्व जुळते. व्यवसायाच्या रकान्यात ‘ट्रे पेंटर’ असे स्वच्छ अक्षरात आहे. एनग्रेव्हर त्याच वर्षी बर्मिंगहॅम जिल्ह्यात, वेगळ्या पत्नीसह आणि वेगळ्या जन्मस्थानासह आहे, म्हणून त्याला मी वंशावळीतून काढले आहे. त्याच्या मुलांची नावेही मी गेले वर्षभर गोळा करत होते, त्यामुळे काढताना जड गेले.

एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. खापरपणजींच्या नावापुढेही व्यवसाय लिहिलेला आहे: ‘पॉलिशर’. याचा जपॅनिंगशी संबंध असू शकतो का?

दप्तरखाना:

असू शकतो. रोगणाचा शेवटचा थर भट्टीत वाळल्यावर त्यावर बारीक पूड घेऊन उघड्या तळहाताने घासत आणि आरशासारखी चकाकी आणत. हे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत. मात्र पितळ, चांदी आणि लाकूड यांनाही पॉलिश करणाऱ्या स्त्रिया त्या शहरात होत्या, त्यामुळे नुसत्या या एका शब्दावरून ठरवू नका. १८६१ च्या पानावर त्यांच्या नावापुढचा रकाना पाहा आणि थोरल्या मुलींचेही व्यवसाय पाहा. तिथे ‘जपॅन’ हा शब्द आला, तर तुमच्या सासूबाईंकडच्या ट्रेवरची चकाकी कोणाच्या हाताची, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे.