बदामाचा वास, फेहलिंग निगेटिव्ह... मग किटोन लिहू का?

रसायन_रडारड:
बीएस्सीची प्रॅक्टिकल तोंडावर आलीये आणि हा लिक्विड अननोन (ओळखायला दिलेला द्रव) काही केल्या जुळत नाहीये. वास एकदम कडू बदामाचा, पाण्यात विरघळत नाही. २,४-डीएनपी टाकल्या टाकल्या केशरी पीपीटी (गाळ), म्हणजे कार्बोनिल, अल्डिहाइड किंवा किटोन, नक्की. पण अल्डिहाइड ओळखायच्या टेस्ट बघ, फेहलिंग कितीही तापवलं तरी निळं ते निळंच, टॉलेन्सला आरसा नाही नुसता काळा गाळ, वर बायकार्बोनेटला बारीकशी फसफस पण आली!! पार्टनर म्हणतो अ‍ॅसिटोफिनोन (किटोन) लिही नि मोकळा हो. लिहू?

जुना_लॅबवाला:
अरे थांब. फेहलिंग आली नाही म्हणून लगेच किटोन होत नाही, अ‍ॅरोमॅटिक अल्डिहाइड फेहलिंगला दादच देत नाहीत. मला तर हे सरळ बेन्झाल्डिहाइड वाटतंय. बुचाभोवती पांढरे खडे धरलेत का बघ, हवा लागून त्याचं बेन्झॉइक अ‍ॅसिड होतं आणि कॉलेजातल्या बाटल्या काय, वर्षानुवर्षं त्याच. फसफस त्या अ‍ॅसिडची. सॅम्पल बायकार्बोनेटने धुवून तेलकट थर वेगळा काढ आणि मग टेस्ट कर.

चांदीचा_आरसा:
काळा गाळ म्हणजे पण चांदीच की, फक्त सोबत एक ब्लँक (सॅम्पल न घालता तीच टेस्ट) लाव म्हणजे शंका नको. आरसाच हवा असेल तर ट्यूब आधी नायट्रिक अ‍ॅसिडने चकाचक कर, आणि सिल्व्हर नायट्रेटमधे सोडियम हायड्रॉक्साइडने जो तपकिरी गाळ येतो तो जेमतेम विरघळेल एवढाच अमोनिया टाक, हात सैल सोडलास की टेस्ट ढिली पडते. थेट बर्नरवर नको, ६० डिग्रीच्या वॉटर बाथमधे न हलवता ठेव. उरलेलं टॉलेन्स उद्यासाठी अजिबात ठेवू नकोस, पडून राहिलं की त्यात स्फोटक सिल्व्हर नायट्राइड तयार होतं, लगेच डायल्यूट अ‍ॅसिड घालून टाकून दे.

रसायन_रडारड:
खडे आहेत खरंच 😅 पण अ‍ॅसिटोफिनोन नाही हे वहीत दाखवायचं कसं?

जुना_लॅबवाला:
आयोडोफॉर्म कर. अ‍ॅसिटोफिनोनला पिवळा पीपीटी येतो, बेन्झाल्डिहाइडला नाही. बॉइलिंग पॉइंट पण घे, बेन्झाल्डिहाइड १७८-१७९ डिग्रीच्या आसपास उकळतं आणि दुसरं २०२ ला. डेरिव्हेटिव्ह (ओळख पक्की करायला बनवलेला घन पदार्थ) मागितलं तर डीएनपीच्या मेल्टिंग पॉइंटवर विसंबू नकोस, दोघांचे अगदी जवळजवळ आहेत, सेमिकार्बाझोन कर, त्याचा मेल्टिंग पॉइंट बेन्झाल्डिहाइडचा २२२ आणि दुसऱ्याचा १९८, फरक सरळ दिसतो.