गोदी की गोदू?

अडगळ : आजीला माहेरहून आलेली पत्रे मी परदेशात वाढलेल्या भाच्यांसाठी इंग्रजीत उतरवत आहे. आजीचे माहेरचे नाव गोदावरी. तिची आई ‘चि. गोदीस अनेक आशीर्वाद’ असे लिहिते, तर थोरली बहीण ‘गोदू’ म्हणते. ‘ई’ लावली की हेटाळणी आणि ‘ऊ’ लावला की लाड, असे मी आजवर धरून चालले होते; पण पोटच्या मुलीला हेटाळणीने आशीर्वाद कोण देईल? आणि हा फरक इंग्रजीत दाखवावा तरी कसा?

घाटमाथा : आपण धरलेला नियम चुकीचा नाही. यमी-यमू, ठकी-ठकू, भागी-भागू ही सारी त्याच घडणीची नावे आहेत आणि मुलग्यांमध्येही गण्या-गणू हा भेद दिसतोच. आमच्या भागीरथीआत्याच्या हातावर लाडू ठेवताना आजोबा ‘भागू’ म्हणत. गोठ्यातले शेण तसेच राहिले की ओसरीवरून ‘भागेऽ’ अशी हाक येई.

शाईदौत : ही ‘ई’ मुळात लहानपणा दाखवणारी आहे. डबा-डबी, सुरा-सुरी यांत कोणाची हेटाळणी होते? जनाबाईही स्वतःला ‘जनी’च म्हणवतात. ज्याला शंका असेल त्याने सरळ ‘गोदावरी’ लिहावे. नावे तोडण्याची ही खोड जिभेच्या आळसातून आली आहे.

ओसरी : संतांनी स्वतःला ‘नामा’, ‘तुका’ म्हणणे ही नम्रता झाली, तो व्याकरणाचा पुरावा नव्हे. आणि ‘गोदावरी’ हे नाव पत्रिकेबाहेर उच्चारले तरी कोणी जात होते? लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले की जुने नाव माहेरी राहून जाई. डॉ. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघीही माहेरच्या यमुना. बाया कर्वे म्हणजे आनंदीबाई कर्वे, त्याही 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी विवाह होईपर्यंत गोदूबाई होत्या. सासरी ज्या नावाने कोणीच हाक मारत नाही, ते तोडून-मोडून वापरण्याचा हक्क आईकडे उरतो, म्हणून ती ‘गोदी’ लिहिते.

घाटमाथा : माहेरचे ते सगळे मायेचे, असे मात्र म्हणू नये. ‘नकुसा’ हे नावही माहेरनेच ठेवलेले असते. सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींना एका समारंभात नवी नावे द्यावी लागली.

शाईदौत : नकुसा हे मूळ नावच आहे, लाडाचे रूप नाही, दोन्हींची गल्लत नको. आता ‘ठकी’ घ्या. लाकडी बाहुलीलाही आपण ठकीच म्हणतो. मुलीचे नाव बाहुलीवरून आले असावे, अशी माझी समजूत आहे.

ओसरी : की बाहुलीचे मुलीवरून? आमच्याकडे तर ‘ठक’ या शब्दाशी नाते जोडून ठकूमावशीला जन्मभर चिडवले गेले.

अडगळ : ठकीपुढे माझी गोदी मागे पडली. आजच आजीने स्वतः लिहिलेले एक कार्ड सापडले. पाठवणाऱ्याच्या जागी सासरचे ‘सौ. इंदिरा’ आणि मजकुराखाली ‘तुझी गोदी’. दोन्ही नावे तशीच ठेवून मी मसुदा भाच्याला पाठवला. त्याने शब्दकोश उघडला आणि उलट विचारले, “आजीचे नाव जहाजांच्या धक्क्यावरून का ठेवले होते?”