मदत हवी आहे: हिंज घ्यावा की रेझिस्टन्स रिलीज?

मंडळी, रिलीज म्हणजे धनुष्याची दोरी धरून सोडायचं साधन; हिंज हातात फिरला की सुटतो, रेझिस्टन्सवाला ठरलेल्या ओढीला सुटतो. माझं कंपाउंड (चाकांचं) धनुष्य आहे, ५० पाउंड ओढीचं, लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर कमी होणारा भार) ७५ टक्के. म्हणजे पूर्ण ओढल्यावर हातावर साडेबारा पाउंडांच्या आसपास. सध्या मनगटाला पट्ट्यानं बांधायचा, तर्जनीनं दाबायचा रिलीज वापरतोय. नेमाची पिन टार्गेटच्या मधल्या पिवळ्यावर आली रे आली की बोट ट्रिगर हाणतंच, बाण निळ्यात.

ट्रिगर जड करून झाला, बोटाच्या टोकाऐवजी पेरावर घेऊन झाला. डोळे मिटून चार पावलांवरून ठोकळ्यावर मारतो तेव्हा पाठीच्या ओढीनं छान सुटतो. समोर टार्गेटचा कागद लागला की ये रे माझ्या मागल्या! थंब बटण सुचवू नका, मित्राचं वापरलं, अंगठाही तेवढाच उतावळा निघाला.

हिंजची भीती एवढीच की ओढतानाच फिरून सुटला तर मूठ थेट तोंडावर. रेझिस्टन्सवाल्यात ओढताना सेफ्टी दाबून धरता येते, अँकरवर (पूर्ण ओढून हात चेहऱ्याशी टेकला की) सोडायची आणि ओढ वाढवत न्यायची. पण शेवटी हिसका मारायची सवय लागेल असं वाटतं.

खानापूरला राहतो. जवळपास कोच नाही, हातात घेऊन बघायला दुकान नाही, ऑनलाइनच मागवणार, त्यामुळं एकच परवडेल. पावसाळाभर शेडमध्ये १८ मीटरच मिळतात.

दोन्ही वापरलेल्यांनी सांगा: माझ्यासारख्यानं आधी कुठला घ्यावा? हिंज असेल तर क्लिकचा (सुटण्याआधी ‘टक्’ वाजणारा) की बिनक्लिकचा, आणि रेझिस्टन्स असेल तर साडेबाराच्या वर किती पाउंडांवर लावून सुरुवात करू?